खडीच्या वाटेवरचा दगड

पुढची बाई घसरली आणि तिच्या मागचे तिघं जागच्या जागी थांबले.

"खडीवर पुढचा ब्रेक मारायचा नसतो," मी म्हणाले.

खरं तर मला कुणी विचारलं नव्हतं. मी शाळा सुटून घरी चालले होते. अंगात युनिफॉर्म, कॅरिअरला दप्तर, बुडाखाली शाळेतून मिळालेली निळी सायकल. आणि समोर ही चार मोठी माणसं. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर रंगीत चष्मे, सायकलींची चाकं अशी जाड की बघत राहावं. तरी पडली ती पडलीच.

बाई खडीतच उठून बसली. पन्नाशी कधीच उलटलेली, हेल्मेटखालून पांढरे केस बाहेर आलेले. तिनं गुडघ्यावरचं रक्त बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मग काय मारायचं असतं?"

"काहीच नाही. जरा मागं सरकून बसायचं, हात ढिले ठेवायचे आणि सायकल जाईल तिकडं जाऊ द्यायचं. ती पडत नाही, आपण तिला पाडतो."

मागचे तिघं हसले. बाई हसली नाही. "कुणी शिकवलं हे?"

"पोस्टमन तात्यांनी. सदतीस वर्षं त्यांनी ह्याच खडीवरून टपाल नेलंय, आणि पडले फक्त दोनदा. त्यातलं एकदा बैल मधे आला म्हणून."

याला तीन वर्षं झाली. मी सातवीत होते. त्याआधी दोन महिने मला तालुक्याला वक्तृत्वाचा कप मिळाला होता आणि तेव्हापासून माझं तोंड मिटत नव्हतं. तोवर मी हजेरीलासुद्धा इतकी हळू ओ द्यायचे की वर्गाच्या बाईंनी दोनदा गैरहजेरी लावली होती. कप मिळाल्यावर मात्र मी देवळात बोलले, ग्रामसभेत बोलले, चुलतबहिणीच्या साखरपुड्यात तर कुणी न सांगता उभी राहून बोलले. आई म्हणायची, "हिच्या जिभेला कुणीतरी वंगण घातलंय."

खडीवर पडलेल्या त्या बाईंचं नाव वैजयंती गुर्जर. पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा सायकलवाल्यांचा एक गट होता आणि त्यांना डोंगरातून जाणारा, डांबर टाळणारा, खडीचा नि मातीचा नव्वद किलोमीटरांचा मार्ग आखायचा होता. वाटेत जुनी गावं हवीत. कुठं बारव, कुठं देऊळ, कुठं गडाची पडकी चौकी. फेब्रुवारीच्या शेवटी दोनशे सायकली त्या मार्गावरून जाणार होत्या. पण आमच्या गावाखालच्या फाट्यावर त्यांच्या मोबाइलमधला नकाशा संपला होता.

"नकाशा संपला तर संपला," मी म्हणाले. "तात्या आहेत."

मी पुढं आणि ते चौघं माझ्या मागं, असे आम्ही आमच्या गावात, आंबेमेटात शिरलो. त्या वेळी मला कसं वाटलं ते सांगत नाही, पण मी गरज नसताना चार वेळा घंटी वाजवली.

तात्या मेटकरी ओट्यावर बसले होते. आमचं घर त्यांच्या शेजारीच. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा गेला होता आणि उजव्यातून धुरातून दिसावं तसं दिसायचं. शाळा सुटली की मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्या बदल्यात त्यांनी मला सायकल शिकवली होती, म्हणजे ओट्यावर बसून, नुसत्या आवाजावरून. "साखळी ओरडतेय तुझी. चढ यायच्या आधी दात बदल." माझ्या सायकलला बदलायला दात, म्हणजे गिअर, नव्हतेच हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गुर्जरबाईंनी विचारलं आणि तात्यांनी आपली टपालाची फेरी तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. "फाट्यावरनं वर आमचं मेट. मेट म्हणजे गडाखालची चौकी बरं का, इथं पहारा असायचा. इथनं पाज चढायची. दगड बसवलेली घाटवाट. सायकल खांद्यावर घ्या, दोनशे पावलं आहेत. वर पठार, तिथं नुसती बारीक खडी, पाय न मारता जाल. पुढं साळुंजे, बारवेचं पाणी प्या, गोड आहे. मग निवेगण..." गुर्जरबाई भराभर लिहून घेत होत्या. बाकीचे तिघं गप्प ऐकत होते. तात्यांचा आवाज तरणा झाला होता.

"आणि पाजेच्या तोंडाशी आमचा दगड आहे," शेवटी तात्या म्हणाले.

तात्यांचा दगड सगळ्या गावाला माहीत होता आणि सगळं गाव त्यावरून त्यांची मस्करी करायचं. कमरेएवढा काळा दगड, वर चंद्रसूर्य कोरलेले, खाली चार-पाच ओळींची अक्षरं, इतकी झिजलेली की ऊन तिरकं असलं तरच जाणवायची. तात्यांचे वडील सांगायचे की ही पाज आपल्या पूर्वजानं, सिदोजी मेटकऱ्यानं बांधली आणि दगडावर त्याचंच नाव आहे. गाव म्हणायचं, नाव कसलं, पाथरवटानं हत्यार घासून बघितलं असेल.

"मी आयुष्यभर लोकांना दुसऱ्यांची पत्रं नेऊन दिली," तात्या म्हणाले. "आमच्या दारातलं हे एक मात्र कुणी वाचून दिलं नाही. सिदोजीचं नसलं तरी चालंल. ते काय आहे तेवढं मला ऐकायचंय. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. डोळे गेले, अजून कान आहेत."

गुर्जरबाई एकदम सरळ बसल्या. "वाचता येतील अशी आहेत का अक्षरं?"

"पुसट आहेत," मी म्हणाले.

त्यांनी आकाशाकडे बघितलं. सूर्य डोंगराला टेकला होता आणि त्यांना उजेडात डांबरी सडक गाठायची होती. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सामान घेऊन येते. लेख वाचता आला तर आपला मार्ग वर तुमच्या गावातून नेऊ. नाहीतर खालच्या फाट्यावरूनच वळवावा लागेल. एवढा चढ चढवायचा तर वर काहीतरी हवं."

तात्या उठून उभे राहिले. आजवर कुणी त्यांच्या दगडासाठी परत येतो म्हणालं नव्हतं.

मी मात्र एकच शब्द धरून बसले होते. वाचता आला तर.

ते दोन आठवडे मी रोज शाळेतून येताना दगडापाशी थांबायचे. हात फिरवायचे, पाणी मारायचे, डोळे बारीक करायचे. कधी एखादी रेघ दिसायची, दुसऱ्या दिवशी तीच सापडायची नाही. एवढी लांबून बाई येणार, तिला काही दिसणार नाही, ती "बरं" म्हणून निघून जाणार आणि तात्या ओट्यावर तसेच बसणार. त्यांनी पांढरा सदरा धुवायला टाकला होता. रोज मला विचारायचे, "आज कुठला वार गं, तनुजा?"

शुक्रवारी हौसामावशी आली. दरवर्षी पौषात ती आमच्या डोंगरातल्या गावांतून फिरते आणि पाटे, जाती टाकवून देते. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर नीट वाटलं जात नाही; मग ती छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्यावर एकसारखे बारीक टवके मारते, त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावलेला पाटा नव्यासारखा होतो. आईचा पाटा तिनं तासाभरात असा केला की हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखा लागला.

मी त्या पाट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मावशी, झिजलेलं सगळं असं परत वर येतं?"

"दगुड असला तर येतं. मानूस असला तर न्हाई."

शनिवारी सकाळची शाळा बुडवून मी तिला पाजेच्या तोंडाशी घेऊन गेले. तिनं चंद्रसूर्य बघितले आणि पायातली चप्पल काढली.

"ह्याला न्हाई लावत मी टाकी."

"का?"

"पाटा-वरवंट्याचं काम माझं. ह्यो कुणीतरी कायतरी सांगून ठेवल्याला दगुड हाय."

"म्हणूनच तर," मी म्हणाले, आणि मग मी बोलले. हातवारे करून, आवाज चढवून उतरवून, तालुक्याला बोलले होते त्याहून चांगलं बोलले. सांगून ठेवलंय पण ऐकू येत नाही, मावशी. एक म्हातारा माणूस साठ वर्षं वाट बघतोय. उद्या लांबून विद्वान बाई येणार आहे. तुमच्या हातात ती कला आहे आणि तुम्ही ती फक्त मिरच्या वाटण्यासाठी वापरता? ह्या दगडावर तुमचा हात लागला तर हजार वर्षं राहील.

हौसामावशीनं दगडावरून तळहात फिरवला. "मला अक्षर येत न्हाई, बाय."

"मी खडूनं काढते. तुम्ही त्यावरून चालवा."

मी खडू घेऊन बसले. जिथं दिसलं तिथं गिरवलं. दिसलं असं वाटलं तिथंही गिरवलं. पण ती अक्षरं कशाशीच जुळेनात, ना मराठी पुस्तकाशी, ना हिंदीच्या. अर्ध्या तासानं मी ते सगळं ओल्या फडक्यानं पुसलं आणि मनात म्हणाले, असेल ते सिदोजीच असेल, तात्यांच्या वडिलांना काय खोटं सांगायचं होतं? मग मोठ्या, ठळक, गोल अक्षरांत काढलं: श्री सिदोजी मेटकरी यांनी ही पाज बांधली.

मावशी कामाला लागली. टक, टक, टक. हात इतका स्थिर की एक टवका रेषेबाहेर गेला नाही. मधे एकदा थांबली.

"पोरी, तुझ्या अक्षराखाली आधीचं कायकाय हाय. ते ऱ्हाऊ दिऊ का?"

"नको, गिचमीड होईल. सपाट करून घ्या."

दुपारपर्यंत काम झालं. मी दगड धुतला. दहा हातांवरून वाचता येत होतं. मला इतका आनंद झाला की मी हौसामावशीच्या गळ्यात पडले. ती अवघडून हसली आणि चप्पल घालून पुढच्या गावाला गेली.

कुणाला काही सांगितलं नाही. दगडावर शेंदरी ओढणी टाकली, वर झेंडूची माळ घातली आणि रात्री भाषण पाठ केलं.

रविवारी दहाला ते चौघं आले. चढावर मी त्यांच्याआधी पोचले. निम्मं गाव जमलं होतं. ज्यांनी जन्मभर मस्करी केली तेही. तात्या पांढऱ्या सदऱ्यात, काठी टेकत, माझ्या बाबांचा हात धरून पाजेपर्यंत चालत आले होते. गुर्जरबाईंनी सायकलच्या पिशवीतून पांढऱ्या कागदाची गुंडाळी काढली, जाड केसांचा ब्रश काढला, शाईची डबी काढली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दगडाचा ठसा घ्यायला. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं हलके हलके ठोकायचा, मग वरून शाई. अक्षर कितीही पुसट असो, कागदावर उतरतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, ते कागदाला लागतं." त्या तात्यांकडे वळल्या. "तात्या, पुसट असलेलं मला आवडतं. पुसट म्हणजे कुणी हात लावलेला नाही."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण भाषण पाठ होतं, आणि पाठ केलेलं भाषण थांबवायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय आत कुठंतरी मला वाटत होतं की बाई खूश होईल, कागदाचे कष्ट वाचले म्हणेल.

"आदरणीय पाहुणे आणि ग्रामस्थहो," मी म्हणाले, आणि सगळं म्हणाले, शेवटपर्यंत, आणि ओढणी ओढली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "तात्या, निघालं की नाव तुमचं," कुणीतरी ओरडलं. "सिदोजी मेटकरी. चक्क लिवलंय."

"लिहिलंय?" तात्या म्हणाले. "खरंच सिदोजी आहे? ताई, तुम्ही वाचा. तुम्ही वाचलंत तर मी खरं मानीन."

गुर्जरबाई वाचत नव्हत्या. त्या गुडघ्यावर बसल्या होत्या, त्या दिवशीच्या जखमेवरच. दगडाच्या पायाशी पडलेला ताजा चुरा त्यांनी चिमटीत घेतला आणि खाली सोडला.

"कधी झालं हे?"

टाळ्या थांबल्या.

"काल," मी म्हणाले. "वाचता यावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तरीही कागद भिजवला, दगडावर बसवला, ब्रशनं ठोकला, शाई लावली. वीस मिनिटं लागली. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटली. माझीच. अगदी तळाच्या कोपऱ्यात, जिथं शेवाळ होतं म्हणून आम्ही पोचलो नव्हतो, तिथं एका वेगळ्या अक्षराचा तुकडा उमटला होता, नखाएवढा.

"हा जुना आहे," गुर्जरबाई म्हणाल्या. "सहाशे, कदाचित सातशे वर्षं. कानडी वळणाचा वाटतो. पण एवढ्यावरून काही म्हणता येत नाही."

"म्हंजी सिदोजीचं खोटं?" मागून कुणीतरी विचारलं.

"खोटं की खरं ते कळायला आता काही उरलेलं नाही. कुणाकडे फोटो आहे का आधीचा? मोबाइलमध्ये, लग्नातला, जत्रेतला, कसलाही?"

होता एक. शाळेच्या सहलीचा. त्यात दगडापुढं आम्ही अकरा मुली उभ्या होतो.

तात्या काठी टेकत पुढं आले. बाबांचा हात त्यांनी सोडला होता. वाकून त्यांनी दगडावर बोटं ठेवली आणि पहिल्या अक्षरापासून हळूहळू फिरवत नेली. चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, साठ वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या बोटाला अक्षर लागत होतं. दुसऱ्या शब्दावर बोटं थांबली. परत मागं गेली.

"तनुजा," ते म्हणाले, "हे तुझं अक्षर आहे."

त्यांनी पुढचं वाचलं नाही. ताठ झाले, सदऱ्याला हात पुसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "चढून दमला असाल. पिठलं-भाकरी तयार आहे, जेवून जा."

सगळे जेवले. गुर्जरबाईंनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मला अजून नको आहे. मार्ग खालच्या फाट्यावरून वळला. फेब्रुवारीत दोनशे सायकली गेल्या तेव्हा आमच्या ओट्यावरून फक्त खडीचा आवाज ऐकू आला, बराच वेळ.

पण ते नंतर. त्या रविवारनंतर तीन दिवस मी तात्यांकडे गेले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आईकडे निरोप दिला.

ते ओट्यावर होते. मी पेपरची घडी उलगडली.

"आज नको," ते म्हणाले. "बस इथं."

"तात्या, तुम्ही मला मारा तरी."

"मारून काय करू? बस म्हणतो ना. हौसा काम करत होती तेव्हा तू तिथंच होतीस?"

"हो."

"आणि आधी खडूनं काढत होतीस तेव्हा जुनी अक्षरं दिसत होती तुला?"

"थोडी. कुठं कुठं."

"किती वेळ बघत होतीस?"

"अर्धा तास असेल. त्याआधी दोन आठवडे रोज."

तात्यांनी मान हलवली. "म्हणजे सगळ्यांत शेवटी ती तूच बघितलीस. सगळ्यांत जवळून." त्यांनी उजवा हात पुढं केला आणि तळवा वर करून माझ्यापुढं उघडला. "तू वाचू नको. वाचणारी ती बाई आहे, तिला मी पत्र टाकीन. तू नुसतं जसं होतं तसं काढून दे. सगळं नको. एक अक्षर दे."

मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हाताचं बोट तळव्याशी नेलं. डोळे मिटले. खडू आठवला. हौसामावशीच्या मनगटावरची हिरवी काकणं आठवली. माझं भाषण शब्दन् शब्द आठवलं, ते आत्ताही येतं. दगड डोळ्यांपुढं आणला की त्यावर माझंच मोठं, गोल, ठळक अक्षर होतं, आणि ते बाजूला सारलं की त्याच्याखालीही माझंच.

तात्या मान कलती करून वाट बघत होते, पेपर ऐकताना बसायचे तसे. माझं बोट त्यांच्या तळव्याच्या वर तसंच राहिलं.

"जरा दाबून काढ," ते म्हणाले. "मला काही लागत नाहीये."